सुरतेचे लेबर कोर्ट आणि कागदावरच्या अटी

जहांगीर बादशहाच्या फर्मानाने १६१३ साली इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली आणि तिच्यासोबत नोकरीच्या लेखी अटीही या शहरात आल्या. शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्या सुमारास कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर या किनाऱ्यावर होता. वखारीतल्या नोकरांची उतरंड त्याने नोंदवून ठेवली आहे. ‘रायटर’ म्हणजे कारकून. वर्षाला १० पौंड पगारावर त्याला पाच वर्षे बांधून घेत आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून ५०० पौंडांचे बंधपत्र लिहून घेत. म्हणजे ५० वर्षांचा पगार जामिनात गुंतलेला. वर्तणूक चांगली की वाईट, हे ठरवणार वखारीचा प्रेसिडेंट आणि त्याचे कौन्सिल. अटी लिहिणार तेच, अर्थ लावणार तेच आणि शिक्षा देणारही तेच.

सुरतेच्या लेबर कोर्टाचा इतिहास सांगताना मी मुद्दाम इतक्या मागून सुरुवात केली. नोकरीच्या अटींचा अर्थ लावण्याचा अधिकार मालकाच्या हातून काढून तिसऱ्या, तटस्थ माणसाकडे सोपवायला या देशाला पुढची जवळजवळ तीन शतके लागली. सुरतेतल्या आपल्या मराठी समाजाच्या स्मरणिकांत देवळांचा, मंडळांचा, शाळांचा इतिहास येतो, आणि तो यायलाच हवा. पण ताप्ती व्हॅली रेल्वेने जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून उधन्याला उतरलेल्या, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत खोल्या घेऊन राहिलेल्या आपल्या माणसांच्या चुली पेटत राहिल्या त्या कारखान्यांतल्या कामावर. त्या कामाचा न्याय जिथे होतो, त्या संस्थेची नोंद आपल्या कागदोपत्री नसावी हे मला खटकते.

या संस्थेची मुळे मुंबईत आहेत. त्या काळी सुरत जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे गिरणगावात ठरलेला कायदा आपोआप तापीच्या काठापर्यंत पोहोचे. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत जो सार्वत्रिक संप झाला, त्याची आठवण पगारकपातीचा संप म्हणून राहिली आहे. वादाचा दुसरा मोठा विषय होता गिरणीमालकांनी केलेल्या नियमांचा, म्हणजे ‘स्टँडिंग ऑर्डर्स’चा (स्थायी आदेशांचा). कामगाराला केव्हा काढता येईल, उशीर झाला तर काय, गिरणी बंद ठेवली तर पगाराचे काय, हे मालकांनी आपल्या सोयीने लिहिले होते. संपानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीसमोर या नियमांची कलमवार चर्चा झाली. मालकाने लिहिलेला प्रत्येक नियम कामगारांच्या प्रतिनिधींनी उघड सुनावणीत तपासावा, ही गोष्ट तेव्हा नवी होती. माझ्या मते आपल्या कामगार न्यायालयांचा खरा जन्म त्या सुनावणीत आहे, पुढच्या कोणत्याही कायद्यात नाही.

कायदा आला तो दहा वर्षांनी. १९३८च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने मालकाने स्थायी आदेश सरकारदरबारी सादर करून मंजूर करून घेणे सक्तीचे केले आणि मुंबईत औद्योगिक न्यायालय उभे केले. त्याच कायद्याने संपावर कडक बंधने घातली, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप पुकारला. बाबासाहेबांचा तो विरोध योग्यच होता. संपाचा हक्क गहाण ठेवून मिळालेला न्याय लंगडाच असतो. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. आता हा नियम सगळ्या देशाला लागू झाला. १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकाने सहा महिन्यांत नोकरीच्या अटींचा मसुदा, पाच प्रतींत, प्रमाणन अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. कामगारांना किंवा त्यांच्या युनियनला त्याची प्रत द्यायची, हरकती ऐकायच्या, मग तो मसुदा प्रमाणित व्हायचा.

त्या पाठोपाठ १९४६चाच मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, तो गुलझारीलाल नंदांनी मुंबईचे मजूरमंत्री म्हणून मार्गी लावला. नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनात घडलेले. १९१८च्या गिरणी संपात गांधीजींनी लवादाचा आग्रह धरला, १९२० मध्ये अनसूयाबेन साराभाईंच्या पुढाकाराने मजूर महाजन संघ उभा राहिला. भांडण आधी बोलून, मग लवादाने सोडवायचे, ही त्या घराण्याची रीत होती आणि ती या कायद्यात उतरली. कामगाराला अट बदलून हवी असेल किंवा मालकाच्या हुकमाविरुद्ध दाद हवी असेल, तर त्याने आधी मालकाला लेखी पत्र द्यायचे आणि तोडगा निघाला नाही तरच न्यायालयाची पायरी चढायची. हे पत्र दिले नाही म्हणून गुणवत्तेवर उत्तम असलेली किती प्रकरणे दारातच अडली असतील! शिकलेल्या कामगाराला जी शिस्त पेलते, ती अंगठेबहाद्दराला पेलत नाही, याचा विचार त्या चांगल्या माणसांनी पुरेसा केला नाही, असे मला वाटते.

आज आपण ज्याला लेबर कोर्ट म्हणतो त्याची अखिल भारतीय चौकट १९५६ सालची. औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ पासून होताच. त्यात १९५६च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या आल्या: श्रम न्यायालय, औद्योगिक न्यायाधिकरण आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण. श्रम न्यायालयाकडे कोणते वाद जातील याची यादी दुसऱ्या अनुसूचीत दिली होती आणि तिचे पहिले तीन विषय वाचले की या संस्थेचे प्रयोजन कळते. स्थायी आदेशाखाली मालकाने काढलेला हुकूम योग्य व कायदेशीर आहे का, स्थायी आदेशांचा अर्थ काय व ते लागू कसे होतात, आणि कामगाराची बडतर्फी. त्याच वर्षी स्थायी आदेशांच्या कायद्यातही दोन मोलाचे बदल झाले. तोपर्यंत प्रमाणन अधिकाऱ्याला मसुदा कायद्याच्या चौकटीत बसतो का एवढेच पाहता येई. आता ती अट वाजवी आणि न्याय्य आहे का, हेही तो ठरवू लागला. शिवाय नवे कलम १३-अ आले. एखाद्या अटीच्या अर्थावरून वाद झाला तर मालक किंवा कामगार थेट श्रम न्यायालयात जाऊ शके आणि न्यायालयाचा निर्णय दोघांवरही बंधनकारक. फ्रायरच्या काळातला तो रायटर ज्या जागी हतबल होता, नेमकी ती जागा या एका कलमाने भरून काढली.

१ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. मुंबईचे कायदे गुजरातमध्ये तसेच राहिले, पण अपिलाची वाट मुंबईऐवजी अहमदाबादकडे वळली. सुरतेच्या मजूर अदालतीचे कामकाज गुजरातीतून चालते. खानदेशातून आलेला आपला माणूस घरी अहिराणी बोलतो, शाळेत शिकला ते मराठी, कारखान्यात हिंदी, आणि न्यायाधीशांपुढे त्याची साक्ष उतरते ती गुजरातीत. गंजामहून आलेल्या ओडिया विणकराची स्थिती याहून कठीण. १९४६चा कायदा सांगत असे की प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कारखान्याच्या दाराजवळ खास फलकावर लावलेले असावेत. सुरतेच्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या दारापाशी उभे राहून तो फलक शोधावा. बहुसंख्य कामगारांची भाषा कोणती, हे प्रत्येक खात्यात वेगळे निघेल.

त्या फलकावर काय लिहिलेले असते? कायम, उमेदवारीवरचा, बदली, तात्पुरता, हंगामी असे कामगारांचे प्रकार. पाळ्यांच्या वेळा. हजेरीचे आणि बिल्ल्याचे नियम. रजा कशी मागायची. पगार कधी. गैरवर्तन म्हणजे नेमके काय आणि त्यासाठी शिक्षा कशी. सगळी कलमे महत्त्वाची, पण सुरतेतल्या आपल्या माणसाचा घात बहुधा एकाच कलमाने केला आहे, ते म्हणजे रजेवरून उशिरा परतण्याचे. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक खुलासा न देणारा कामगार नोकरीवरचा हक्क गमावत असे. आता खानदेशी घराचा विचार करा. पेरणीला माणूस लागतो, लग्नसराईत बहिणीच्या घरी जावे लागते, वडील आजारी पडले तर शिरपूर किंवा धुळ्याच्या दवाखान्यात महिना निघतो. परत आल्यावर दारावरचा वॉचमन सांगतो, तुझे नाव कमी झाले. ना नोटीस, ना चौकशी, ना हिशेब.

या एका प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो ७ मे १९९३ रोजी, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात. कारखान्याच्या प्रमाणित आदेशांत लिहिले होते की आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास कामगाराची नोकरी आपोआप संपेल. कामगाराचे म्हणणे होते की मी आलो होतो, मला दारातच अडवले. न्यायालयाने सांगितले की अट प्रमाणित असली तरी माणसाचे उपजीविकेचे साधन काढून घेताना त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल, साधी चौकशी करावीच लागेल. कामगाराला कामावर परत घेण्याचा आणि मागील पगारापैकी निम्मा देण्याचा हुकूम झाला. ‘आपोआप’ या शब्दाने मालकाची जी सोय होत होती ती त्या दिवशी संपली. आजही रजेवरून उशिरा परतलेल्या कामगाराचा अर्ज लिहिताना वकिलाच्या हाताशी पहिला निकाल असतो तो हाच.

आणखी दोन निकाल आपल्या कामाचे. नेमणूकपत्रात एक आणि स्थायी आदेशात दुसरे असेल तर काय? वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या १९७३च्या प्रकरणात स्थायी आदेशाप्रमाणे उमेदवारी दोन महिन्यांची होती, नेमणूकपत्रात सहा महिने घातले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कामगाराची सही असली तरी पत्रातली ती अट टिकणार नाही. सही करताना कामगाराकडे दुसरा पर्याय नसतो, हे न्यायालयाने ओळखले. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डी. ए. देसाई हे गुजरात उच्च न्यायालयातून गेलेले. त्यांनी स्पष्ट केले की ज्या वर्तनाचे नाव गैरवर्तनाच्या यादीत नाही, त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. मालकाला राग आला म्हणजे गैरवर्तन झाले, असे होत नाही.

हे सगळे खरे, पण हे सगळे ज्याच्या कारखान्यात स्थायी आदेश आहेत त्याच्यासाठी. हजिऱ्याच्या खतकारखान्यात किंवा तेल-वायूच्या प्रकल्पात कायम असलेल्या कामगाराला या छत्राखाली उभे राहता आले. सुरतेचा फार मोठा कामगारवर्ग मात्र कायम या छत्राबाहेर भिजत राहिला. यंत्रमागाच्या एकाच छपराखाली भिंती घालून वेगवेगळ्या नावांची खाती दाखवायची, म्हणजे कोणत्याच खात्यात कायदा लागू होण्याइतकी माणसे भरत नाहीत, हा प्रकार डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत वर्षानुवर्षे राहून नोंदवला आहे. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, मीटरवर मजुरी, आणि करार तोंडी. हिऱ्याच्या कारखान्यांतही नगावर पैसे, दिवाळीच्या लांब सुटीनंतर पुन्हा बोलावतील की नाही हे शेठच्या मर्जीवर. बारडोलीच्या पट्ट्यातल्या सहकारी साखर कारखान्यांचा ऊस तोडायला खानदेशातून जी जोडपी येत, त्यांच्या अटी तर मुकादमाच्या तोंडात आणि उचलीच्या आकड्यात असत. सुरत जिल्ह्यातल्या मराठी श्रमाचा इतिहास लिहायचा तर या जोडप्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांनी कधी लेबर कोर्टाचे दार पाहिले नाही.

म्हणूनच सुरतेत अटींच्या अर्थापेक्षा जास्त लढाई झाली ती अटी होत्या, नोकरी होती, हे सिद्ध करण्यावर. समोरचा पक्ष लेखी जबाब देतो: हा इसम आमच्याकडे कामालाच नव्हता. मग कामगार पिशवी उघडतो. प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेले, घडीवर फाटलेले हजेरीचे कार्ड. बँकेचे पासबुक, त्यात महिन्याच्या सात-आठ तारखेला जमा झालेली रक्कम. ईएसआयचे कार्ड, असले तर नशीब. शाळेच्या वहीत रोजचे मीटर लिहिलेले, शेवटच्या पानावर उचल. त्या वहीवर मालकाची सही नसते. वर्षात २४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध हदिमनी या निकालात ठामपणे सांगितले आणि छोट्या खात्यांतल्या कामगारांचे कंबरडे मोडले. २००५च्या यल्लट्टी निकालाने थोडा दिलासा दिला: कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन शपथेवर सांगावे आणि मालकाकडचे मस्टर हजर करण्याची मागणी करावी. मस्टर आणले नाही तर न्यायालय परिस्थिती पाहून मालकाविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. म्हणून मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगत आलो की मस्टर मागण्याचा अर्ज विसरू नकोस. शाळेच्या वहीलाही त्याने वजन येते.

कायद्यातल्या काही सुधारणा फारशी चर्चा न होता आल्या आणि त्यांनी गरिबाचे कल्याण केले. १९६५ पूर्वी एकट्या कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक विवादच ठरत नसे, युनियनने ती उचलावी लागे. कलम २-अ आले आणि एकटा माणूस पुरेसा झाला. सुरतेसारख्या शहरात, जिथे बहुतेक खात्यांत युनियन नाही, याचे मोल फार मोठे. १९७१मध्ये आलेल्या कलम ११-अने न्यायालयाला शिक्षा जास्त आहे असे वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार दिला. १९८२ साली निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा आणि नंतर ७५ टक्के निर्वाह भत्ता ठरला. २०१० पर्यंत सरकारने बडतर्फीचा वाद सोपवल्याशिवाय न्यायालयात जाता येत नसे आणि ती फाइल महिनोन्‌महिने खात्यात पडून राही. त्यानंतर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांनी बडतर्फ कामगार थेट लेबर कोर्टात जाऊ लागला.

विलंब मात्र गेला नाही. हातावर पोट असणारा माणूस तारखेसाठी एक दिवसाची मजुरी बुडवतो, आणि तारीख पुढे पडते. दरम्यान तो दुसऱ्या खात्यात लागतो, मग उलटतपासणीत त्याला विचारतात, तू कमावतोच आहेस ना? शेवटी बरेच जण ठोक रक्कम घेऊन समाधान करतात. कोणी म्हणेल, हा पराभव. मला तसे वाटत नाही. दारात वॉचमनने हाकललेल्या माणसाशी शेठला न्यायाधीशासमोर बसून हिशेब करावा लागतो, याची किंमत पैशात मोजून चालणार नाही.

आता या संस्थेचे रूप बदलत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९४६चा स्थायी आदेशांचा आणि १९४७चा औद्योगिक विवादांचा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विसर्जित झाला. श्रम न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण, त्यातला एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. स्थायी आदेशांसाठीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. सुरतेच्या दृष्टीने हा बदल घातक आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. जिथे कायद्याची मर्यादा टाळायला भिंती घातल्या जात होत्या, तिथे ३०० ची मर्यादा म्हणजे मधल्या आकाराच्या डाइंग आणि प्रिंटिंग मिलांनाही मोकळे रान. अटी पुन्हा मालकाच्या तोंडी जातील.

दुसऱ्या बाजूला एक खरोखर चांगली गोष्ट झाली आहे आणि तिच्याकडे आपल्या लोकांचे लक्ष नाही. सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांना पत्र नाही, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. जे कारखान्याच्या फलकावर मिळायचे ते निदान हातातल्या कागदावर मागता येईल.

तेव्हा लिंबायत, उधना, पांडेसरा, सचिनच्या सर्व वाचकांना माझी विनंती आहे. नेमणूकपत्र मागा, आणि न मिळाल्यास मागितल्याचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच जपा. न वाचता सही करू नका. भाषा समजत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. को‍ऱ्या कागदावर तर कधीच सही नको. गावी जाताना रजेचा अर्ज लिहून त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि अडकून पडलात तर तिथूनच कळवा. आणि कामावरून काढले तर बसून राहू नका. नव्या संहितेप्रमाणे वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही, पूर्वी थेट अर्जाला तीन वर्षे होती. दोन वर्षांच्या आत अर्ज द्या.